सुरकुती न पडणारं चीवर

उन्हाळ्यात चीवर कसं वागवावं, ते थोरल्या भंतेंकडून शिकावं. विहारात नवा भिक्खू आला की ते त्याला सूत्रं नंतर शिकवत, आधी ऊन शिकवत. बाहेर पडताना दोन्ही खांदे झाकलेच पाहिजेत, गळ्यापासून पोटरीपर्यंत कापडच कापड, डोकं तुळतुळीत आणि उघडं, छत्री फक्त आजाऱ्याला. यात तसूभर सूट नाही. पण नियमाच्या आतही वाऱ्याला जागा असते, असं ते म्हणत. चीवराच्या दोन्ही कडा एकत्र गुंडाळून डाव्या हाताखाली धरतात. ती गुंडाळी जरा सैल सोडली की खालून हवा शिरते आणि मानेपाशी बाहेर पडते, धुराड्यातून धूर निघावा तशी. निघण्याआधी खालचं वस्त्र पाण्यात बुडवून, पिळून, ओलंच नेसायचं. विहारात आल्यावर उजवा खांदा मोकळा करायचा. दुपारी फरशीला पाठ टेकायची आणि तोंडही शक्यतो बंद ठेवायचं.

"शेवटचं मला जमत नाही," असं गोल भंते दर उन्हाळ्यात सांगत. नावाप्रमाणेच देह, आणि घाम तर असा की बसल्या जागी फरशीवर नकाशा उमटे.

उन्हाचे असे जाणकार असलेले थोरले भंते भिक्षा घेऊन परतताना भर रस्त्यात खाली बसले, तेव्हा मागच्या दोघांना आधी काही कळलंच नाही. पायात काटा गेला असेल असं वाटलं. मग ते एका कुशीवर कलंडले. भिक्षापात्र मात्र छातीशी घट्ट धरलेलं होतं.

त्यांना उचलून विहारात आणलं ते शिंपी भंतेने. तो विहारात सगळ्यात तरुण आणि उंच. शिंप्याच्या घरात जन्मलेला, त्यामुळे विहारातलं उसवलेलं-फाटलेलं सगळं त्याच्याकडे येई, आणि नावही तसंच पडलं होतं. थोरल्या भंतेंच्या अंगाला हात लावताच तो चरकला. कातडी तापलेली होती, आणि चीवराच्या आत घाम निथळत होता. निथळत होता, पण कापडात मुरत नव्हता.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. नाडी बघितली, ओली फडकी काखेत ठेवली, घोटघोट पाणी पाजलं. "या वयात उन्हात फिरायचं म्हणजे कमाल आहे तुमची," त्या म्हणाल्या. "पण इतकी वर्षं काही झालं नाही, मग यंदाच काय झालं? आणि हे पाठीवर केवढं घामोळं!"

"यंदा ऊन जास्त आहे," गोल भंते म्हणाले.

"ऊन मलाही तेवढंच लागतंय. अंगाला हवा लागत नाहीये यांच्या."

थोरल्या भंतेंनी डोळे किलकिले केले. "शिंप्याचा दोष नाही," ते पुटपुटले. "चीवर सुरेख आहे. मऊ."

सगळे हसले. शिंपी भंतेही हसला, पण ते हसू त्याच्या ओठांपुरतंच होतं.

चीवरं त्याच्या ताईने शिवलेली होती. दोघांचे वडील शिंपी. ते गेल्यावर दुकान ताई चालवत होती. भिक्खू झाल्यापासून त्याचं घरी जाणं संपलं होतं. ताईशी भेट व्हायची ती उन्हाळ्याच्या तोंडावर, विहाराची चीवरं आणायला दुकानात गेलं की. एरवी ती दारात येऊन पात्रात भात वाढी, पण भिक्षेच्या वेळी बोलायचं नसतं, डोळेही खालीच. म्हणजे भावाबहिणीचं नातं आता त्या कापडावर टिकून होतं म्हणा ना. चीवर सबंध कापडाचं नसतं; तुकडे कापून, मध्ये पट्ट्या देऊन, शेताच्या बांधांसारखं जोडावं लागतं. ताईच्या हातचे ते बांध इतके सरळ असत की इतर विहारांतले लोक कौतुकाने उलटून पाहत.

यंदा तिने गठ्ठा बांधताना एक चीवर सगळ्यात वर ठेवलं होतं. "हे तुझं बरं का," ती म्हणाली होती. "खास आणलंय. मऊ आहे, सुरकुती पडत नाही. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

तो विरघळला होता. परत येताना वाटभर त्याच्या मनात तेवढंच होतं. ताई रागावलेली नाही. वडील अंथरुणाला खिळलेले असताना तो घर सोडून गेला, त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नव्हती, आणि त्या न बोलण्याचीच त्याला धास्ती असे. आता ते ओझं उतरलं.

पण विहारात कापड येतं ते सगळ्यांचं होऊन. माझं-तुझं उंबऱ्याबाहेर. गठ्ठा थोरल्या भंतेंपुढे ठेवायचा, त्यांनी आधी उचलायचं, मग वयाने नव्हे तर दीक्षेच्या क्रमाने बाकीच्यांनी. थोरल्या भंतेंचा हात वरच्याच चीवरावर पडला. त्यांनी ते चिमटीत धरून पाहिलं आणि लहान मुलासारखे खूश झाले. शिंपी भंतेच्या जिभेवर शब्द आले होते, ते त्याने गिळले. उलट त्याला अभिमानच वाटला. ताईचं सगळ्यात चांगलं काम सगळ्यात चांगल्या माणसाच्या अंगावर जाणार, यापेक्षा आणखी काय हवं?

डॉक्टरीणबाई गेल्यावर त्याने ते चीवर धुवायला घेतलं. शेजारच्या बादलीत गोल भंतेंचं जुनं चीवर भिजत होतं. ते पाणी पिऊन जड झालं होतं, उचलताना मनगट दुखे. हे मात्र बुडवलं तरी तरंगू पाहत होतं. बाहेर काढून झटकलं, तसं पाणी थेंबाथेंबाने घरंगळून गेलं. दोरीवर टाकून तो हात पुसतोय तोवर ते सुकत आलं होतं.

त्याने शिवणीच्या आतला एक धागा ओढून काढला. दुसरा गोल भंतेंच्या चीवरातला घेतला. दोन्ही दिव्यावर धरले. सुती धागा भुरकन जळाला, कागद जळाल्यासारखा वास आला, बोटावर राखाडी धूळ उरली. ताईने आणलेला धागा आधी आक्रसला, मग वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. वास प्लास्टिकचा.

पॉलिस्टर. निव्वळ पॉलिस्टर, सुताचा अंशही नाही. हे कापड पाणी पीत नाही, घाम शोषत नाही, त्यामुळे तो वाळताना येणारा गारवा अंगाला मिळत नाही. थोरले भंते रोज सकाळी प्लास्टिकच्या पिशवीत शिरून रस्त्यावर उतरत होते.

मग त्याने बाकीची चीवरंही तपासली. सगळी सुती, उत्तम सुती. एकच सोडून.

"दुकानदाराने टोपी घातली असेल तुझ्या ताईला," गोल भंते म्हणाले. "हल्ली कोण कुणाला काय खपवील, नेम नाही."

"तसंच असेल," तो म्हणाला. पण लहानपणी ताई डोळ्यांवर पट्टी बांधून बसायची आणि वडील एकेक चिंधी तिच्या बोटांत द्यायचे. ती कधी चुकायची नाही. तो दरवेळी चुकायचा.

दुसऱ्या दिवशी तो गोल भंतेंना सोबत घेऊन दुकानात गेला. बाईमाणसाला भेटायला भिक्खूने एकट्याने जायचं नसतं. गोल भंते बाहेरच्या बाकावर सावलीत टेकले आणि टेकताच पेंगू लागले. दुकानाचं दार सताड उघडं होतं. ताई मशीनवर होती. पंखा मशीनपासून लांब लावलेला, कापड उडू नये म्हणून.

"आज अवेळी?" तिने पाय थांबवला. "पाणी देऊ, भंते?" विहारातल्यांसमोर ती त्याला भंतेच म्हणे.

त्याने चीवर कटिंगच्या टेबलावर ठेवलं. "थोरले भंते उन्हाने रस्त्यात कोसळले. हे नेसून."

ताईचा चेहरा पांढरा पडला. "थोरले? त्यांच्या अंगावर हे कसं आलं? मी तुला सांगितलं होतं ना, तुझं म्हणून!"

"विहारात माझं म्हणून काही नसतं. आधी थोरले उचलतात."

"मग मला कधी सांगितलंस ते?" ती ओरडलीच. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "बरे आहेत का?"

"आहेत. ताई, हे पॉलिस्टर आहे."

तिने मशीनवरचं कापड उगाच सारखं केलं.

"दुकानदाराने फसवलं ना तुला?" त्याने विचारलं. विचारताना आपण गयावया करतोय हे त्याला ऐकू येत होतं. तिने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तो ते खरं धरून परत गेला असता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गठ्ठा न्यायला आला असता.

ताईने टेबलावरचं कापड अंगठा आणि बोटाच्या मध्ये एकदा फिरवलं. "मला?" ती म्हणाली. "कापडात? मला कोण फसवणार रे?"

बाहेर गोल भंते घोरू लागले होते.

"तूच घेतलंस."

"मीच. निवडून. तीन दुकानं फिरले, सगळ्यात दाट विणीचं मिळेपर्यंत." तिने चीवर बाजूला सारलं. "शाळेतून आलास की उंबऱ्यातच सदरा काढून फेकायचास. उकडलं की रडायचास, शेंडेफळ ना तू. म्हटलं, हा काय टिकतोय. एक कडक उन्हाळा अंगावर आला की येईल घरी. पण तू टिकलास. माझ्याच सुती कापडात, माझ्याच हातच्या शिवणीत आरामात टिकलास! म्हणजे मीच तुला तिकडे ठेवून घेतलं की नाही?"

"मी सुखासाठी गेलो नव्हतो."

"कशासाठी गेलास ते मला विचारू नकोस. बाबा अंथरुणात होते. मी त्यांना उचलायची, पुसायची, भरवायची. आणि वर हे मशीन. ते गेले तेव्हा तू आलास, भिक्खूंच्या रांगेत बसलास, म्हणायचं ते म्हटलंस, आणि रांगेतच उठून गेलास. मी दारात उभी होते. बघितलंस तरी का माझ्याकडे?"

त्याने बघितलं नव्हतं. नियम होता, पण नियम नसता तरी बघितलं नसतं.

"भांडायचं होतंस," तो म्हणाला. "चार लोकांत शिव्या घालायच्या होत्यास. दरवर्षी हसून गठ्ठा द्यायचीस, मला वाटायचं..." खास आणलंय, मऊ आहे. ते ऐकून तो विरघळला होता, आणि ती तेव्हा मनात हिशेब करत होती, याला किती घामोळं येईल, किती दिवसांत हा मोडेल. "मी विश्वास ठेवला तुझ्यावर."

"मीही ठेवला होता," ताई म्हणाली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळे थोरल्या भंतेंच्या खाटेभोवती बसले. ते उशीला टेकून बसले होते, उजवा खांदा उघडा, पाठीला लेप. "काय म्हणाली बहीण?" त्यांनी सहज विचारलं. "दुकानदाराने फसवलं असं गोल म्हणतोय."

सगळ्यांच्या माना हलल्या. उत्तर तयार होतं, फक्त हो म्हणायचं बाकी होतं. हो म्हटलं असतं तर ताईचं काम राहिलं असतं, वर्षातली भेट राहिली असती. थोरल्या भंतेंनी अजून एकही प्रश्न विचारला नसता.

"नाही," शिंपी भंते म्हणाला. "तिने जाणूनबुजून केलं. ते चीवर माझ्यासाठी होतं. मला उकाडा असह्य व्हावा आणि मी घरी परतावं म्हणून."

गोल भंतेंनी घसा खाकरला आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

"मग पुढच्या वर्षीपासून शिवण दुसरीकडे द्यावी लागेल," थोरले भंते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"हो, भंते."

त्याने स्वतःचं सुती चीवर घडी करून त्यांच्या पायाशी ठेवलं आणि दुकानातून परत आणून दोरीवर टाकलेलं ते मऊ चीवर उचललं. थोरले भंते नको म्हणत होते, जुन्या कपड्यांत काहीतरी सापडेल म्हणत होते. "दान आलेलं आहे, टाकता येत नाही," तो म्हणाला. खरं म्हणजे त्याची पायपुसणी करायलाही नियमाची आडकाठी नव्हती.

सकाळी तो ते नेसून भिक्षेला निघाला. खालचं वस्त्र ओलं करून घेतलं होतं, गुंडाळी सैल सोडली होती, पण ते कापड हवा आत येऊ देईना. पहिल्या गल्लीतच ते पाठीला चिकटलं. घामाची धार मणक्यावरून खाली उतरत होती आणि कुठेच मुरत नव्हती. ताईला हेच हवं होतं, आणि ते अगदी बेतून शिवलेलं होतं. बांध नेहमीसारखेच सरळ.

दारात ताई भाताचं भांडं घेऊन उभी होती. त्याने डोळे खाली ठेवले, त्यामुळे त्याला फक्त तिचे हात दिसले. पळीत भात घेतलेला हात मध्येच थांबला.

"ते काढ," ती कुजबुजली. "अरे, ऐक. आत सुती शिवून ठेवलंय, रात्रीत केलंय. गोल भंते, तुम्ही तरी सांगा याला. एवढं घेऊन जा, मग हवं तर पुन्हा येऊ नकोस."

भिक्षेत मिळालेलं कापड घेता येतं. गोल भंतेंनी तर हातही पुढे केला होता.

शिंपी भंते काही वेळ तसाच उभा राहिला. इतर दारांत तो उभा राहत असे त्याहून जास्त, आणि त्याला ते कळत होतं. गळ्याखालून घामाचा थेंब निघून तिच्या पायरीवर पडला. मग त्याने पात्रावर झाकण ठेवलं आणि पुढे चालू लागला.

मागे पळी भांड्यात पडल्याचा आवाज आला.

पुढच्या दारापाशी पोचेपर्यंत गोल भंते धापा टाकत मागे आले. "अहो," ते हळूच म्हणाले, "तिने अजून वाढलंच नव्हतं."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्याने पात्राचं झाकण काढलं.