दोन बटणांची प्रेस

पत्रा दाबणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे साचा खाली येताना हात बाहेर राहतात. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं. जुना कंट्रोलर बदलून नवा प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडे आलं. सवयीप्रमाणे आधी लॅपटॉप जोडून दिवसभराचे सिग्नल नोंदवले. उजवं बटण दर खेपेला दाबलं जात होतं, सुटत होतं. डावं सकाळपासून दाबलेलंच! आणि जुना कंट्रोलर ते खपवून घेत होता.

प्रेसवर मावशी होती. कोणाची मावशी ते विचारू नका, अख्ख्या कारखान्याची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डाव्या बटणावरचं फडकं उचललं. खाली लाकडाची पाचर ठोकलेली.

"मावशी, हे काय?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "जीव वर आलाय का?"

"हळू बोल गं बाई." तिने उजव्या हाताने डावा उचलून मांडीवर ठेवला. "लकव्याचा झटका आला होता. तेव्हापासून हा असाच. चौदा महिने झाले, एक तुकडा खराब गेला नाही माझा."

"आणि हा हात घसरून साच्यात गेला तर? तुम्हाला कळणारही नाही."

"तू तेवढं बघितलं नाहीस असं समज. माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

मी चिडले, मग रडू आलं, मग पुन्हा चिडले. एका बटणावर प्रेस चालवायची तर समोर किरणांचा पडदा हवा, हात आडवा आला की साचा थांबवणारा. तो बसवा म्हणून सुपरवायझरकडे गेले. त्याला आम्ही घाईसाहेब म्हणतो. "एवढं कशाला? सोमवारी प्रेस चालू पाहिजे," म्हणाला. कोणासाठी, ते मी सांगितलं नाही.

सोमवारी नवा प्रोग्राम चढवला. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदात एकत्र दाबायची, दर खेपेला सोडायची. पाचर मीच काढली होती.

मावशीने उजवं बटण दाबलं. डावा हात खांद्यापासून ढकलला, तो बटणाखालीच लोंबकळला. दुसऱ्यांदाही तेच. प्रेस हलली नाही.

"झालं! बिघडवलीत ना प्रेस?" घाईसाहेब माझ्यावर खेकसला.

हो म्हणणार होते. तिला निदान चार दिवस मिळाले असते.

"तिला काही बोलू नका," मावशी म्हणाली. "माझा डावा हात चालत नाही. पाचर मी ठोकली होती."

घाईसाहेबाला पहिल्यांदाच कसली घाई नव्हती. त्याने आधी प्रेस बंद केली, मग तिला ऑफिसात जायला सांगितलं. मी तिच्यामागे दारापर्यंत धावले.

"मावशी, चिडू नका हो. तुमचा हात गेला असता."

"हात कधीचाच गेलाय गं," ती म्हणाली. "नोकरी तेवढी राहिली होती."