वेगळी चूल

आमच्या धुलाईच्या कारखान्यात जगाची बातमी सगळ्यात आधी चादरींतून कळते. हॉटेलं भरलेली असली की सकाळी गाडीतून गठ्ठे उतरवताना हमाल शिव्या देतात, आणि रिकामी असली की तेच हमाल गाडीला टेकून गप्प उभे राहतात. त्या महिन्यात ते फारच गप्प झाले. कुठल्याशा लांबच्या देशात बँका बुडाल्या, म्हणून तिकडचे पाहुणे इकडे यायचे थांबले, असं टीव्हीवरचा माणूस सांगत होता. बँका त्यांच्या बुडाल्या आणि धाबं आमचं दणाणलं.

झळ सगळ्यांना लागली, पण सारखी नाही. माझा नवरा पाहुण्यांना विमानतळावरून हॉटेलात नेणारी गाडी चालवायचा. तो पहिल्याच आठवड्यात घरी बसला. फेरी नाही तर पैसे नाहीत, आणि बक्षिशी तर पाहुण्यांच्या खिशातच राहिली. मग आमच्याकडच्या रोजंदारीच्या बायका गेल्या. त्यांना काढावंही लागत नाही, 'उद्या येऊ नका' म्हटलं की झालं. त्यानंतर पाळी नगावर काम करणाऱ्यांची. मी इस्त्रीवर आहे, जेवढ्या चादरी तेवढे पैसे. चादरीच निम्म्या आल्या, त्यामुळे माझा पगार कुणी कापला असंही म्हणता येईना. तो आपोआप आटला. महिनेवारीवाले तेवढे अजून ताठ मानेने फिरत होते. माझी सासू त्यांतली.

आई, म्हणजे सासूबाई, डागखोलीत, चादरींवरचे डाग काढायला. माणूस चादरीवर काय काय सांडतो हे एकदा त्यांना विचारावं, पण जेवणाआधी विचारू नये. दारू, रक्त, शाई, केसांचा रंग. प्रत्येकाची वेगळी बाटली आणि वेगळा ब्रश. आयुष्यभर डाग शोधून शोधून त्यांची नजर अशी झाली होती की घरीही त्यांना दुसरं काही दिसत नसे. माझ्या कामात खोट सापडली नाही असा दिवस गेला नसेल. मीही काही मिठाची गुळणी धरून बसणारी नाही. रोज भांडून रोज एकत्र जेवायचो. याला पटणं म्हणत नसतील तर कशाला म्हणतात मला माहीत नाही.

एका दुपारी साहेबाने सगळ्यांना बॉयलरजवळ गोळा केलं. साहेब तसा वाईट माणूस नाही. वाईट बातमी सांगताना तो चष्मा काढून पुसतो, म्हणजे त्याला आमची तोंडं दिसू नयेत.

"मालकांनी माणसं कमी करायला सांगितलीत," तो म्हणाला. "मी खूप विचार केला. कुणाच्याही घरची चूल पूर्ण विझायला नको. म्हणून एका चुलीचं एकच माणूस. ज्यांच्या घरची दोघं इथं आहेत त्यांनी शनिवारपर्यंत आपसात ठरवा. आणि लपवाछपवी नको. कळलं, तर दोघांनाही घरी पाठवीन."

नियम वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो, पण हात कुणाचाच ताटाकडे जाईना. ठमीचं, म्हणजे माझ्या पोरीचं, तेवढं व्यवस्थित चाललं होतं. नवरा म्हणाला, "मी बघतो काहीतरी." शहरातले सगळेच ड्रायव्हर तेव्हा काहीतरी बघत होते.

"तू काय बघणार?" आई म्हणाल्या. "ही घरी बसली तर माझ्या एकटीच्या पगारात भाडं दिलं की हातात काय उरतं? मी घरी बसले तर हिच्या निम्म्या चादरींत भाडंसुद्धा निघायचं नाही. घरमालक आजच जिन्यात उभा होता."

"मग?" मी म्हटलं.

"मग चूल वेगळी करायची."

नवऱ्याने मान वर केली. "म्हणजे गं?"

"म्हणजे आम्ही भांडायचं. सगळ्यांच्या देखत. मी घर सोडून जाते, माझ्या ओळखीच्या शिवणवालीच्या खोलीत एका कोपऱ्यात राहते. दोन घरं, दोन माणसं. साहेबाचा नियम साहेबालाच लखलाभ."

"आपण रोजच भांडतो, त्यात नवीन काय?" मी म्हटलं.

"रोजचं भांडण चार भिंतींत असतं. हे बाहेर न्यायचंय. आणि नीट भांड. तुझं ते अर्धं बोलून रडायला लागायचं नाटक नको."

मला हसू आलं, पण टिकलं नाही. कारण सापडलो असतो तर दोघीही गेलो असतो, आणि पोरीला घेऊन रस्त्यावर यायला वेळ लागला नसता.

भांडायला आम्ही चहाची सुट्टी निवडली, कारण तेव्हा भोंगा हजर असते. भोंगा म्हणजे माझ्या शेजारच्या इस्त्रीवरची बाई. तिच्या कानात गेलेलं दिवस मावळायच्या आत गल्लीभर होतं. भोंग्याची धाकटी बहीणही आमच्याकडेच होती. त्या दोघी खऱ्याच एका चुलीच्या, म्हणून धाकटीने कामावर पाणी सोडलं होतं. त्या दिवसापासून भोंगा थोडी शांत झाली होती, आणि शांत भोंग्याची मला जास्त भीती वाटत होती.

ठरल्याप्रमाणे आई म्हणाल्या की मी उशिरा उठते. ठरल्याप्रमाणे मी म्हटलं की घरात उठायला जागा आहेच कुठे. दोनचार बायका हसल्या. कुणाला खरं वाटेना. सासू तशी सून, असं कुणीतरी म्हणालं. आईंनी ते ऐकलं, आणि त्यांचा आवाज चढला.

"हिचा पाय घरात पडला आणि माझ्या लेकाचं नशीब फिरलं! पांढऱ्या पायाची!"

हे ठरलेलं नव्हतं. मला कानशिलात बसल्यासारखं झालं, आणि माझ्या तोंडून जे निघालं तेही ठरलेलं नव्हतं.

"तुमचा नवरा तुम्हाला टाकून का गेला, ते आता कळतंय मला!"

आईंनी हातातला कप खाली ठेवला आणि डागखोलीत निघून गेल्या. पाठोपाठ साहेब आला, चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे आता तुम्ही वेगळ्या?"

"मला त्यांचं तोंडही बघायचं नाही," मी म्हटलं. माझा आवाज खरोखरच थरथरत होता. साहेबाला खात्री पटली. दोघींचंही काम टिकलं.

त्या संध्याकाळी आईंनी पिशवी भरली आणि गेल्या. जाताना ठमीचा मुका घेतला, नवऱ्याला तिच्या औषधांचं सांगितलं. माझ्याकडे बघितलंच नाही. ते नाटकातलं न बघणं होतं की खरं, हे मला कळलं नाही, आणि विचारायचीही सोय राहिली नाही. कारखान्यात बोलायचं नाही, रस्त्यात थांबायचं नाही. नवऱ्याबरोबर निरोप पाठवला तर तो म्हणायचा, "तिने ऐकून घेतलं. काही बोलली नाही."

पोरीला शिकवावं लागलं की बाहेर आजी दिसली तरी हाक मारायची नाही. "आपण खेळतोय का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. एकदा बाजारात आई समोरून आल्या, तर पोरीने माझं बोट इतकं आवळलं की नख रुतलं. हाक मात्र मारली नाही. शहाणी आहे, असं मला वाटलं, आणि त्याचंच वाईट वाटलं.

भीती अशी अंगात मुरली की मी भोंग्याच्या प्रत्येक खोकण्याने दचकायचे. ती एकदा म्हणाली, "तुमच्या सासूबाई वाळल्या गं." मी म्हटलं, "मला काय त्याचं." ती इस्त्री फिरवत राहिली. "माझी बहीणही वाळलीय," ती म्हणाली. एवढंच. त्या दोन वाक्यांवर मी आठवडाभर झोपले नाही. हिला कळलंय का? कळलं असेल तर ही साहेबाकडे कधी जाणार? तिच्या जागी मी असते तर मी तर गेलेच असते.

डागखोलीत आधी दोघी असायच्या. दुसरीला काढल्यावर आई एकट्याच दोघींचं काम करत होत्या. वीज वाचवायची म्हणून तिथला पंखाही बंद केला होता. बाटल्यांचा तो उग्र वास आमच्या इस्त्र्यांपर्यंत यायचा. मला रोज वाटायचं, साहेबाला सांगावं की पंखा लावा. पण शत्रू कशाला पंख्याची काळजी करेल?

आणि मग एक दिवस डागखोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मी कशी धावले मला आठवत नाही. आई चादरींच्या ढिगावर आडव्या पडल्या होत्या. तोंड पांढरंफटक, ओठ निळसर.

"आई!" मी ओरडले. "आई, अहो डोळे उघडा ना!"

ओरडले आणि मग भानावर आले. दार बायकांनी भरलं होतं. सगळ्यांत पुढे भोंगा, आणि तिच्या मागून साहेब येत होता. संपलं, असंच वाटलं.

आईंनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. आणि कुठून आला कोण जाणे, त्यांच्या छातीतून आवाज निघाला.

"कुणाची आई? कोण आई? मी मरतेय का ते बघायला आलीस? लांब करा हिला! हिचा हात लागला तर मी खरंच मरेन!"

त्या मला शिव्या देत होत्या. अशा शिव्या देत होत्या की हमालसुद्धा बाजूला झाले. आणि चादरींच्या ढिगाखाली, कुणाला दिसणार नाही असा, त्यांनी माझा हात धरला होता. त्या हातात ताकद नव्हती, पण सुटत नव्हता. मी तो दाबला. त्यांनी उलट दाबला. मग मला ढकलून दिलं.

"घरी कुणाला कळवू?" साहेब वाकून म्हणाला.

"लेक बायकोचा झाला. कुणी नाही मला," आई म्हणाल्या.

दवाखान्यात कोण नेणार, असं साहेबाने विचारलं. मी भिंतीला टेकून उभी होते. माझे पाय पुढे ओढ घेत होते आणि मी त्यांना धरून ठेवलं होतं. भोंगा पुढे झाली. "मी नेते," ती म्हणाली आणि जाता जाता माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. त्या वासाच्या गुंगीत आई हिच्यासमोर काय बरळतील? ठमीचं नाव घेतलं तर? माझंच घेतलं तर? मी इस्त्रीकडे परत गेले. डोळे गळत होते. शेजारची म्हणाली, "एवढा राग बरा नव्हे गं."

कारखाना सुटायच्या सुमारास साहेबाने मला बोलावलं. भोंगा दारातच उभी होती, नुकती परत आलेली. मला वाटलं, हिने सांगितलं. मी टेबलाची कड घट्ट धरली.

साहेब चष्मा पुसत होता. "हे बघ, त्या बाईंना कुणीच नाही. दोनचार दिवसांत येतील म्हणाल्या. मी माणुसकी म्हणून त्यांची जागा ठेवतोय, डागखोलीतच. पण तुमचं पटत नाही. पुन्हा तमाशा नको, म्हणून तुला विचारतो. त्या राहिल्या तर तुला चालेल ना?"

भोंगा माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. तिच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. आणि ती तोंड मिटून उभी होती.

"ठेवा नाहीतर काढा," मी म्हटलं. "मला काय करायचंय?"

साहेबाने मान हलवली, आणि माझा जीव भांड्यात पडला. दोन्ही पगार वाचले, हे माझ्या मनात आधी आलं. आई वाचल्या, हे नंतर.