नाव काढायचं नाही

राजसीने कुर्ता कमरेच्या वर धरला आणि सुनंदाने चष्मा काढून, पदराने पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. चष्म्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. डाव्या बरगडीखाली पाठीकडून पोटाकडे एक तांबडी पट्टी आली होती आणि तिच्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड दाटीवाटीने बसले होते.

"कधीपासून?"

"काल आंघोळ करताना दिसले. आग आधीपासून होत होती. मला वाटलं, ड्रेसची शिवण टोचतेय."

"बाबांना सांगितलंस?"

"वेडी आहेस का?"

बाहेरच्या खोलीत चिंतामणी स्टुलावर चढून ओल्या फडक्याने पंख्याची पाती पुसत होते. त्यांचा तो नेम होता. सुनंदाने दार आणखी ओढून घेतलं.

राजसीला तिसाव्या वर्षी कातडी मिळाली असं सुनंदा म्हणत असे, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. पोर चालायला लागली तेव्हापासून तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणी सोललेल्या असायच्या. पुढे मान धरली, पापण्या धरल्या. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की गादीत, उशीत, पडद्यात राहणारे आणि डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे हिला सोसत नाहीत. चिंतामणींनी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आयुष्यभर मालाची तपासणी केलेली. न दिसणाऱ्या शत्रूशीही त्यांनी रीतसर लढाई मांडली. पडदे गेले, सोफा गेला, सुनंदाच्या आईने शिवलेली गोधडी वॉचमनच्या घरी गेली. चादरी उकळत्या पाण्यात पडू लागल्या. पाहुणे आले की प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसत आणि मनात काय म्हणायचं ते म्हणत. एवढं करून किडे कमी झाले असतील, पण पोरीची खाज काही कमी झाली नाही. ती मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ऑफिसला जायची. एका स्थळाच्या वेळी मुलाच्या आत्याने तिचा हात हातात घेतला, सोडला आणि मग आपला हात हळूच साडीला पुसला. राजसीने ते पाहिलं होतं.

मग गेल्या वर्षी ही गोळी आली. उल्हासनगरच्या कॅम्प वस्तीतल्या डॉक्टर तुलसियानींनी ती दिली. त्या गालातल्या गालात हसत मराठी-हिंदीची खिचडी बोलत, पण बोलत ते स्पष्ट.

"देखो आंटी, आधीची औषधं म्हणजे कॅम्पमधल्या एका घरात भांडण झालं म्हणून पूर्ण कॅम्पची लाईट घालवायची. ही गोळी त्याच घराचा फ्यूज काढते. लेकिन त्या घरात चौकीदार पण राहतो ना? त्याचाही दिवा थोडा मंद होणार. म्हणून ताप, खोकला, पाण्याचे फोड, कुछ भी हो, त्याच दिवशी मला फोन. गोळी थोडे दिवस बंद करू, दुसरं औषध देऊ, मग परत चालू."

सुनंदाने यातलं 'बंद' तेवढं ऐकलं. ते तिला ऐकू येण्याचं कारणही होतं. मध्यंतरी अक्कलदाढ काढायची म्हणून गोळी थांबवली, तर आठवड्याच्या आत पोरीची मान पुन्हा पहिल्यासारखी झाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर पुन्हा दूधच पुढ्यात येणार होतं.

गोळीनंतरच्या राजसीकडे सुनंदाला बघत बसावंसं वाटे. तिने बिनबाह्यांचा ड्रेस घेतला. ती आरशासमोर वेळ घालवू लागली, आणि आईलाच तिला हाका मारून बाहेर काढावं लागे. सुनंदा उगाचच तिच्या दंडावरून हात फिरवी. आणि मग बदलापूरचा वरद आला. त्याच्या घरच्यांना "धुळीची थोडी ॲलर्जी होती" एवढं सांगून झालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. साखरपुडा तोंडावर आला होता.

"डॉक्टरांना फोन करावा लागेल," सुनंदा म्हणाली. म्हणाली खरी, पण फोन स्वयंपाकघरात होता आणि ती पलंगावरून उठली नाही.

"साखरपुडा होऊ दे, आई. मग मी स्वतः करते. त्या गोळी बंद करतील. मला त्या दिवशी ती मान नकोय. प्लीज."

सुनंदा घाबरली. फोडांना घाबरली आणि त्या मानेलाही घाबरली. तिला वाढवणाऱ्या बायकांनी या पट्टीला एकच नाव ठेवलं होतं, नागीण. तिची दोन तोंडं कमरेभोवती फिरून एकमेकांना मिळाली की माणूस राहत नाही, हे तिने लहानपणीच ऐकलं होतं. पुढे ती बी.एस्सी. झाली, शाळेत तिने विज्ञान शिकवलं, नागीण म्हणजे कांजिण्यांचाच जुना विषाणू हेही मुलांना सांगितलं. पण विज्ञान मुलांना शिकवणं वेगळं आणि आपल्या मुलीची कमर बघणं वेगळं. तिने बोटाने पट्टीच्या दोन टोकांमधलं अंतर मापून पाहिलं.

खालच्या मजल्यावरच्या बाईंची नागीण बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका पाड्यात गोजरबाईने उतरवली होती. तिथे गोळीबिळीचा प्रश्नच नव्हता. सुनंदाने चिंतामणींना सांगितलं की देवीला नारळ ठेवून येतो, आणि दोघी रिक्षात बसल्या.

गोजरबाई अंगणात भात वाळत घालत होती. तिने हात झटकले, राजसीला ओसरीवर पाठमोरी बसवलं आणि कुर्ता उचलून पाहिलं.

"नागीनच हाय. कवळी हाय अजून. बरा झाला बेगीन आनलीस." तिने सहाणेवर गेरू उगाळला, दूर्वांचा रस पिळला. "कसली गोळीबिळी खातीस काय गो पोरी?"

राजसीने आईकडे पाहिलं.

"कॅल्शियमची," सुनंदा म्हणाली.

"ती खा खुशाल. हाडाला बरी."

गोजरबाईने ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत पट्टीच्या दोन्ही टोकांना गेरूच्या जाड रेघा ओढल्या आणि मधला भाग लिंपून काढला. गार लागताच राजसीने सुस्कारा सोडला.

"तोंडा बांधली हिची. आता म्होरं सरायची नाय. पन आयक, फोड वाळंपातूर कोनाजवळ नाव काढायचा नाय. नाव काढला का ती जागी व्हते नि वर चडते. घोवालापन नको सांगू."

इतका सोयीचा नियम सुनंदाला आयुष्यात कुणी घालून दिला नव्हता. तिने गोजरबाईच्या पुढ्यात खण-नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला. परतताना रिक्षात दोघी मायलेकी एकमेकींशीही त्या विषयावर बोलल्या नाहीत.

पुढचे दिवस चोरट्या कामात गेले. गेरूचे डाग पडलेले कपडे सुनंदा चिंतामणींच्या आधी उठून धुऊन टाकायची. राजसी कूस बदलताना उशी चावायची, आणि सुनंदा ती चावलेली खोळ सकाळी बदलायची. तरी रोज सकाळी चहाबरोबर गोळी तिच्या तळहातावर ठेवायला ती चुकली नाही.

"ही अशी वाकडी का चालतेय?" चिंतामणींनी एकदा विचारलं.

"अहो, बायकांचं असतं काहीतरी," सुनंदा म्हणाली. ते लगेच फडकं घेऊन खिडकीकडे वळले.

आणि फोड वाळले. खरंच वाळले. गेरू पापुद्र्यांसारखा सुटला, त्याबरोबर खपल्याही सुटल्या, आणि टोकं होती तिथेच थांबलेली होती. सुनंदाला इतका आनंद झाला की ती स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडली. गोजरबाईला साडी न्यायची, असं तिने मनाशी ठरवलं. जमलं की, देवा, जमलं.

साखरपुड्याच्या साडीवरचं ब्लाऊजपीस आणायला त्या उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात जाऊन आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी राजसीचा डावा डोळा लाल झाला. नाकाच्या शेंड्यावर मोहरीएवढा फोड आला होता.

"बाजारात धूळ काय कमी होती?" राजसी म्हणाली. "घामोळं असेल."

"असेल."

मेडिकलवाल्याने डोळ्यात घालायला थेंब दिले. फोडावर लावायला राजसीकडे कातडीच्या रंगाचं मलम होतं. इतकी वर्षं मान झाकायला वापरलेलं ते तिने ड्रॉवरच्या तळातून शोधून काढलं. सुनंदाने ते तिच्या नाकावर करंगळीने टेकवलं. बोटाखाली फोड गरम लागत होता.

त्याच सकाळी डॉक्टर तुलसियानींच्या दवाखान्यातून फोन आला. तिथली मुलगी गोड बोलायची.

"काकू, राजसी मॅडमचं ब्लड टेस्टचं ड्यू आहे. आणि मॅडमनी विचारायला सांगितलंय, ताप वगैरे? खोकला? कुठे पाण्याचे फोड, डोळ्याला काही त्रास?"

सुनंदाने दारातून आत पाहिलं. राजसी डोळा मिटून, मान मागे टाकून बसली होती. तिने आईकडे न बघताच मान हलवली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"नाही, काही नाही," सुनंदा म्हणाली. "छान आहे ती. टेस्ट साखरपुडा झाल्यावर करू."

"ओ, काँग्रॅच्युलेशन्स काकू! सच में?"

"हो ना."

फोन ठेवल्यावर सुनंदाला वाटलं की आत्ताच परत लावावा. हात फोनवर ठेवून ती तशीच उभी राहिली. मग कुकरची शिट्टी झाली आणि तिला गॅस बारीक करायला जावं लागलं. वर चढते, असं गोजरबाई म्हणाली होती, पण ते नाव काढल्यावर. आपण तर कुणाजवळ नाव काढलं नाही. या हिशेबात काहीतरी चुकतंय हे सुनंदाला कळत होतं, आणि ते काय चुकतंय हेही बी.एस्सी. झालेल्या बाईला कळायला हवं होतं. तिने भात उतरवला आणि आमटीला फोडणी दिली.

संध्याकाळी वरद आणि त्याची आई मीनलताई बांगड्यांचं माप घ्यायला आले. राजसीने केस डाव्या बाजूने पुढे घेतले होते. काजळ मात्र तिने स्वतः घातलं नाही. "तूच घाल," म्हणाली आणि चेहरा पुढे केला. डोळ्यात लाली तेवढीच होती, वाढलेली नव्हती, म्हणून सुनंदाला हायसं वाटलं.

"घर काय लख्ख ठेवलंय हो!" मीनलताई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसत म्हणाल्या. "आमच्याकडे रोज बोटभर धूळ. हिला आवडायचं नाही."

"आम्ही येऊन शिकवू की," चिंतामणी खूश होऊन म्हणाले. "धूळ कोरडी झाडायचीच नाही. ओलं फडकं."

सगळे हसले. वरद आज मोकळा होता. राजसीच्या शेजारी, तिच्या डावीकडे बसून त्याने फोनमधले अंगठ्यांचे फोटो उघडून तिच्यापुढे धरले. राजसी मान पूर्ण वळवून ते पाहत होती. लाजली म्हणून असेल, असं मीनलताईंना वाटलं असावं. त्या कौतुकाने बघत होत्या.

मग त्यांनी राजसीचा हात मागून घेतला. मापाच्या बांगड्या एकेक करून मनगटावरून चढवल्या, उतरवल्या. त्या आत्याने सोडून दिला होता तोच हात मीनलताईंनी दोन्ही हातांत धरून ठेवला.

"किती मऊ हात आहे गं. आमच्याकडे भांडी घासायला नको हं लावायला हिला, वरद."

सुनंदाचा ऊर भरून आला. याच्यासाठीच तर सगळं केलं होतं, आणि ते वाया गेलं नव्हतं. तिने चहाचा ट्रे आणला, सगळ्यांना कप दिले आणि राजसीचा कप तिच्यासमोर टीपॉयवर ठेवला.

राजसीने बोलता बोलता हात पुढे केला. तिची बोटं कपाच्या अलीकडे, हवेतच मिटली. ती थांबली, हात जरासा फिरवून पुन्हा मिटला, आणि या वेळी तो बशीच्या पलीकडे टीपॉयवर टेकला. मग ती बोटं काचेवरून हळूहळू सरकवत बशीची कड शोधू लागली.

सुनंदा वाकली. तिचं डोकं मुलीच्या डोक्याजवळ आलं.

"डाव्या डोळ्याने दिसत नाहीये, आई," राजसी ओठ न हलवता म्हणाली. "दुपारपासून. ते जाऊ देत, मग बोलू."

चिंतामणी वरदला बादलीतलं पाणी किती गरम हवं ते सांगत होते. मीनलताई बांगड्या कागदात गुंडाळत होत्या. सुनंदाने कप उचलला, मुलीची बोटं एकेक करून त्याच्या कानाभोवती बसवली, आणि तो कलंडू नये म्हणून खालून आपला तळवा लावून धरला.

मीनलताईंनी वर पाहिलं आणि त्या हसल्या.

"किती जपता हो लेकीला!"