यंदा आपण सगळे यलोस्टोनला

आमच्याकडे सुट्टी ठरते ती लसूणघासाच्या मर्जीने. पहिली कापणी उरकून गठ्ठे शेडमध्ये गेले की दुसरीला महिना असतो. त्यातले चार-सहा दिवस काय ते आपले. पण त्या सहा दिवसांचा खल माझा धाकटा भाऊ रॉयस फेब्रुवारीपासून करतो. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसलेला.

चौदा वर्षं मी तो नकाशा बघतेय. रॉयस, त्याची बायको जोलीन आणि मुलगी मार्नी जातात, मी मागे राहते. रॉयस एरवी जिल्ह्याच्या रस्त्यांवर यंत्र चालवतो आणि आमचं गवत बघतो. जनावरं आणि पाणी माझ्याकडे. शिवाय मी बिनलग्नाची थोरली बहीण, म्हणजे आयतीच. येताना ते मला फ्रीजवर लावायला एक चुंबक आणतात. आता फ्रीजचं दार दिसत नाही.

राहिलं होतं फक्त यलोस्टोन. तीन तासांचा रस्ता. तिथलं उकळतं पाणी उडताना बघायला कुठून कुठून लोक आमच्या दारावरून जातात, आणि मी अठ्ठावन्नची झाले तरी पाहिलेलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! रॉयस दरवर्षी म्हणायचा, "ते राहू दे. ते आपण सगळे मिळून बघू."

म्हणून फेब्रुवारीत त्याने नकाशावर बोट ठेवून "यंदा आपण सगळे यलोस्टोनला!" म्हटलं, तेव्हा मी काही बोलले नाही. शनिवारी गावात गेले आणि चालायचे बूट घेतले. जांभळ्या नाड्यांचे. या वयात! खोका पलंगाखाली ठेवून दिला.

जूनमध्ये पहिली कापणी उरकली आणि फ्रीजवर यादी लागली. तंबू – जोलीन. अस्वल पळवायचा फवारा – रॉयस. खाऊ – मार्नी. आणि तळाला, गुरं – अर्डिस.

अर्डिस म्हणजे मी. मी यादी दोनदा वाचली.

"आम्ही बुधवारी पहाटेच निघू म्हणतोय," रॉयस कॉफी ओतत म्हणाला.

"आम्ही म्हणजे कोण रे?"

"म्हणजे... आम्ही."

"फेब्रुवारीत 'आपण' होतं."

जोलीन भांडी घासत होती, ती घासतच राहिली. मार्नीचं तोंड मात्र कधी बंद असतं? "बाबा, आत्याने बूट आणलेत. जांभळ्या नाड्यांचे. पलंगाखाली आहेत."

"माझ्या पलंगाखाली काय करत होतीस गं भवाने?"

"मांजर शोधत होते."

रॉयसचा चेहरा पडला. "अगं, पण यायचंय असं तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?" माझा आवाज चढला, चढू दिला. "चौदा वर्षं तुमची चुंबकं पुसतेय मी. मला ते पाणी उडताना बघायचंय, रॉयस. ह्या डोळ्यांनी. गुडघे धड आहेत तोवर."

"मग गुरं कोण बघणार?"

"ते आता तू बघ," म्हटलं, आणि बाहेर निघून गेले. राग आला होता आणि रडूही. गोठ्यातल्या कालवडीने दोन्ही बघितलं.

दुसऱ्या दिवशी रॉयस शेजारच्या ऑर्व्हलकडे गेला. ऑर्व्हल म्हणाला, "बघतो की. फक्त काय काय करायचं ते लिहून दे."

रॉयस टेबलाशी बसला. कागदावर 'गुरं' लिहिलं आणि घोडं अडलं.

"त्या कालवडीला बाटली कधी देतेस?"

"पाच आणि पाच. तिच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, नाहीतर पीत नाही."

"आणि शेताच्या पाण्याचे पाइप?"

"दिवसातून दोनदा हलवायचे. खालच्या शेतातली फवाऱ्याची तोटी अडकते, तिला आधी एक हातोडा घालावा लागतो. आणि बैल उत्तरेचं कुंपण मोडतो. त्याला आवाज द्यायचा."

"काय आवाज?"

मी आवाज काढून दाखवला. मार्नी खुर्चीवरून पडायची बाकी होती.

तीन संध्याकाळी गेल्या आणि चार पानं भरली. शेवटी रॉयसने पेनाला टोपण लावलं आणि पानं उलटसुलट करत बसला. "हे सगळं तू एकटी करतेस?"

"नाही रे, चुंबकं मदत करतात."

तो हसला नाही. उठून त्याने फ्रीजवरची यादी काढली आणि घडी करून खिशात घातली.

बुधवारी उजाडता उजाडता निघालो. जोलीनने मान म्हणून मला पुढे बसवलं, ती मार्नीबरोबर मागे. आमच्याकडे पुढे दाराशी बसेल त्याने फाटक उघडायचं असतं, आणि मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत आमची तीन फाटकं आहेत. पहिल्याशी मी उतरले. उघडलं. गाडी बाहेर गेली. फाटक ओढलं, साखळी अडकवली आणि हात हलवला.

हात वर होता तेव्हा लक्षात आलं, मी आतल्या बाजूला होते.

गाडी थांबली. मार्नीसुद्धा हसली नाही. रॉयस उतरून चालत मागे आला. माझ्याकडे न बघता त्याने साखळी काढली, फाटक उघडून धरलं.

"जा, बस," तो म्हणाला. "हे मी लावतो."

मी गाडीशी गेले तर पुढच्या जागेवर जोलीन येऊन बसली होती.

"तू मागे बस, अर्डिस," ती म्हणाली. "पुढची दोन फाटकं माझी."