भोक नसलेली ट्यूब

शिरपुरात पंक्चर काढणारे पुष्कळ, पण बुडबुडा ओळखावा तो लोटननेच, असं मी स्वतःच सांगत फिरायचो. एकोणनव्वदच्या चैत्रात अभिमन आबांनी माझी चांगली जिरवली.

आबा सुनेची सायकल ढकलत चौथ्यांदा दुकानात आले. सून प्रमिलाबाई नर्स. सातपुड्याच्या पायथ्याला पाड्यांवर सायकलने जाऊन पोरांना लस द्यायच्या. संध्याकाळी भरलेलं मागचं चाक सकाळी बसलेलं असायचं. पहिल्याच दिवशी मी व्हॉल्व्हवरची रबरी नळी नवी चढवली होती. त्यानंतर दोनदा ट्यूब काढून टबात बोट-बोट सरकवत पाहिली. बुडबुडा म्हणून नाही.

"मंग हवा कथा जास?" आबांनी विचारलं.

"कुठे जाणार? घरातच कोणी सोडत असेल," मी थट्टेने म्हटलं.

आबा हसले नाहीत. ही सायकल आली तेव्हा 'बाईमाणूस आणि सायकल?' म्हणून त्यांनीच आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं.

"सून एक शबद बोलनी नही," ते म्हणाले. "नुस्ती म्हनस, आजपासीन सायकल शेजारना ताईबाईना ओटावर लावसू. भोक सापडनं नही तं ते भोक मीच शे, लोटन."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. पुन्हा ट्यूब काढली. आबा टबाशेजारी उकिडवे बसून माझा हात न् हात बघत होते. बापाची शिकवण अशी की गिऱ्हाइकाचा खिळासुद्धा बदलायचा नाही. म्हणून दर वेळेप्रमाणे प्रमिलाबाईंचा व्हॉल्व्ह मी वाटीत काढून ठेवला, तपासणीसाठीचा दुकानचा व्हॉल्व्ह ट्यूबला लावला आणि हवा भरली.

"हाऊ व्हॉल कोना?" आबांनी विचारलं.

"माझा. तपासून झालं की काढतो आणि त्यांचा त्यांना परत लावतो."

आबांनी वाटीकडे बोट केलं. "मंग तिना व्हॉल पानीमा कवय गया?"

तो पाण्यात कधी गेलाच नव्हता. वाटीतला व्हॉल्व्ह लावला आणि पाण्यात धरला. बराच वेळ काही नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा वर आला. पुन्हा थांबून दुसरा. मीच चढवलेली नवी नळी! दुकानाच्या दारात उन्हात टांगलेल्या जुन्या वेटोळ्यातून कापलेली, बारीक तडकलेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या इमानदारीने दिली होती.

मी ती नळी काढायला गेलो, तर आबांनी मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. तिले देखू दे."

चार वाजता प्रमिलाबाई एसटीने परतल्या, तेव्हा आबांनी हाक मारली. मी सगळं सांगितलं, माझ्या वेटोळ्यासकट. त्या टबावर वाकल्या. एक बुडबुडा आला, दुसरा आला, तिसरा येईपर्यंत त्या तशाच वाकून होत्या. डोक्यावरचा पदर खाली आलेला त्यांच्या ध्यानातही नव्हता.

दुसरी नळी चढवून मी सायकल उभी केली. प्रमिलाबाईंनी तिचं हँडल सासऱ्याच्या हातात दिलं.

"आबा, आपल्याच ओट्यावर लावा," त्या म्हणाल्या.

आबांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं. दुकानाची पायरी उतरताना डोळे पुसायला त्यांना एक हात सोडावा लागला. तेवढ्यापुरतं हँडल सुनेने धरलं.