पोचल्याचा फोन

आमच्या ऋतिकाला लाज म्हणून नाही. नवरा जाऊन अजून वर्षश्राद्ध व्हायचंय, अन् ही माडीवर बसून मालदीवची विमानं बघते. एखादी सून रडते, एखादी माहेरी जाऊन बसते, एखादी सासूशी भांडते. मला तिन्ही चाललं असतं. भांडली असती तर जास्तच चाललं असतं, घरात आवाज तरी राहिला असता. ही दिवसभर फोनला चिकटलेली. कल्याण नाक्यावरच्या तिकीटवाल्या विनिताला विचारते, तिकडच्या सरकारनं दार उघडलं का? नसेल तर तारीख पुढं ढकल. आणि खोलीला झाडू नाही. गोदामांच्या ट्रकांची धूळ वरच्या पायरीवर इतकी साठली की मेथी पेरली तर उगवेल.

खाली मी रोज बोलते. भिंतीला ऐकवावं तसं.

प्रितेश माझा धाकटा. त्याचं लग्न लागलं पहिल्या लॉकडाऊनमध्ये. आम्हा आगऱ्यांत हळद म्हणजे अख्खं काल्हेर गाव जागं राहतं, आणि सरकार म्हणे पन्नास माणसं बोलवा. पन्नासांत आमची भावकीच मावत नाही. बँडवाला आला नाही, नवरीच्या फोटोत नुसते डोळे, बाकी मास्क. त्याचं प्रितेशला फार लागलं होतं. तो तिला म्हणाला, हळद गेली तर गेली, तुला विमानानं समुद्रापार नेतो.

मी हसले. खाडीकाठी जन्मलेलं पोर पाणी बघायला विमानानं जाणार. तो म्हणाला, आय, तिकडच्या पाण्यात तळ दिसतो. मी म्हटलं, तळ दिसतो त्या पाण्यात मासा तुझ्या जाळ्यात येईल कशाला, त्याला काय डोळे नाहीत?

थंडीत आजार जरा ओसरला तेव्हा त्यानं तिकिटं काढली. हिनं मोठी टोपी आणली. पण तिकडं जायचं तर नाकात काडी घालून तपासायचं आणि आजार नसल्याचा कागद दाखवायचा. दोघं हसत गेली. हिच्यात काही निघालं नाही. त्याच्यात निघालं. तोवर त्याला साधी शिंक नव्हती. मग ताप चढला, दम लागला, आणि एका दुपारी अॅम्ब्युलन्स दारात आली.

तो स्वतःच्या पायानं जिना उतरला. पायात नवे सँडल, हातात चार्जर. मला लांब उभं केलं होतं. तिथूनच म्हणाला, पोचलो की फोन करतो.

फोन आला नाही. हॉस्पिटलात कुणाला आत सोडत नव्हते. पुढं बोलावणं आलं ते थोरल्याला, भाविकला. त्यानं प्लास्टिकमधलं तोंड लांबून ओळखलं आणि तिथूनच सगळं उरकलं. घरी आणलं नाही. आम्हा बायकांना तोंड दिसलं नाही. दहावा खाडीवर चार माणसांत झाला. मी रडले, हिला मात्र कुणी रडताना बघितलं नाही. ती वर गेली आणि विनिताला फोन लावला. ते मला तेव्हापासून सलतंय.

काल जानकीबाई दारात आली. विनिता तिची भाची, म्हणून तिला सगळ्या गावाची तिकिटं माहीत. तिकडचं दार उघडलं म्हणे, तुमच्या सुनेनं तारीख पक्की केली. मग माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "दोन सीटा ठेवल्यान, धोंडूबाय. दुसरी कोनाची, तुजी का?"

मी हो म्हटलं. माझीच म्हटलं. घरची गोष्ट घरात राहावी म्हणून मी आणखीही खोटं बोलले असते. ती वळली तशी मी झाडू उचलला आणि गुडघे धरत माडीवर गेले. वाटेत जे जे बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं, आणि त्यातलं एकही चांगलं नव्हतं.

खोलीत त्याचा सदरा खुर्चीवर तसाच. आरशासमोर फणी, तिच्यात त्याचे केस. फरशीवर धूळ, आणि पलंगावर जिथून तो उठला तिथून दारापर्यंतची त्याची वाट सोडून ऋतिका भिंतीच्या कडेनं चालत होती.

मी विचारलं, दुसरी सीट कोणाची?

"ह्यांची," ती म्हणाली. "तारीख बदलता येते, आई. नाव बदलत नाहीत."

मी झाडू टेकवला, तशी ती धावत आली. माझा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून तिनं मला कधी असं धरलं नव्हतं.

"नका झाडू. तुम्हीच शिकवलंत ना? माणूस बाहेर गेलं की पोचल्याचा फोन येईपर्यंत केर काढायचा नाही. ह्यांचा फोन कुठं आला?"

खरंच होतं. नवी आली तेव्हा प्रितेश पडघ्याला माल सोडायला निघाला की ही लगेच झाडू घ्यायची. मी तिच्या हातून ओढून घ्यायची. घरातून मढं निघालं की मागं झाडतात, जितं माणूस गेलं की नाही. आणि आमच्या घरातून मढं निघालंच नव्हतं. निघालं ते जितं माणूस, नवे सँडल घालून. तिनं काय चुकीचं केलं होतं?

मी पलंगावर बसले. ती समोर उभी, झाडू दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. मग मी तिला जवळ बसवलं. तिचा हात गार होता.

"ऋतिका, माझ्याकडं बघ. त्याचा फोन यायचा न्हाय. मी त्याची आय हाय, मी सांगते, तो पोचला. तुला तोंड दावलं न्हाय, मला बी न्हाय दावलं, पन तो पोचला. आन तो झाडू हिकडं. आज केर मी काढते, तू बाजूला बसून रड. मग त्या विनिताला सांग, एकच माणूस येतंय. जाऊन बघ तो तळ. तू निघालीस की मी झाडूला हात लावायची न्हाय. पोचलीस की फोन कर."