पेन्सिलीने लिहिलेले गाव

मित्रांनो, माझा पुठ्ठा वाळवीने खाल्ला आहे आणि पाठ खळीने चिकटवलेली आहे. यावरून माझे वय ओळखा. मी अकोल्याच्या एका कापूस कंपनीतली नावांची वही. जन्म १९५२चा. कंपनीचा कोणता माणूस कोणत्या गावच्या जिनिंग कारखान्यात आहे आणि तिथला फोन नंबर काय, हे सांगणे एवढेच माझे काम.

कंपनीचा पसारा मोठा. हिवरखेड, तेल्हारा, बार्शीटाकळी, अमरावती. जिथे कापूस तिथे आमची माणसे. हंगामात ती इकडून तिकडे फिरत, म्हणून प्रत्येक ठिकाणी माझ्यासारखी एक वही असे. एक वही फिटरला हिवरखेडात दाखवी, दुसरी तेल्हाऱ्यात, आणि तो तिसऱ्याच गावी यंत्राखाली आडवा पडलेला असे.

१९६१ साली मालकांनी फर्मान काढले : नावांच्या वह्या आहेत किती आणि कुठे, ते शोधा. बडेबाबू पंजाबराव दोन महिने मोटारीतून हिंडले. अकरा वह्या सापडल्या. त्यांतली एक टेबलाच्या लंगड्या पायाखाली होती. तिच्या कामाबद्दल मात्र कोणाची तक्रार नव्हती. अखेर मला 'खरी वही' ठरवून लाल कापडाचे कव्हर शिवले. बाकीच्या माझ्या नकला. अडले की अकोल्याला विचारायचे. मी फार फुगले.

आणखी एक नियम झाला. बदलीची नोंद आधी पेन्सिलीने करायची. पंजाबरावांनी तिच्यावर शाई फिरवली की ती खरी. तोवर फोनवर वाचायची नाही.

पुढच्या जानेवारीत एका सकाळी भागीरथा अमरावतीच्या ऑफिसात आली. तिचा नवरा श्रावण आमचा फिटर. त्याची आई चतुराबाई इस्पितळात होती आणि सारखी 'श्रावण, श्रावण' करत होती. डॉक्टरांनी दिवस मावळेपर्यंतचाच भरवसा दिला होता.

अमरावतीची वही म्हणाली, हिवरखेड. हिवरखेडवाले म्हणाले, तो दिवाळीनंतर तेल्हाऱ्याला गेला. तेल्हारेवाले म्हणाले, इथूनही गेला. कुठे ते अकोल्याला विचारा. ट्रंककॉल लागता लागता बारा वाजले.

आमचे कारकून खुशालराव यांनी मला उघडले. श्रावणच्या नावापुढे शाईने 'तेल्हारा' होते आणि शेजारी, चार दिवसांपूर्वी, पेन्सिलीने 'बार्शीटाकळी'. पंजाबराव मुलीच्या लग्नासाठी पंधरा दिवस रजेवर होते.

"तेल्हारा," खुशालरावांनी फोनमध्ये सांगितले आणि फोन ठेवला.

चपराशी देवमन शेजारीच उभा होता; फोनवरचे सगळे त्याच्याही कानावर पडले होते. "बाबू, बाजूले बार्शीटाकळी लिवलं हाये ना."

"पेन्सिलीनं हाये ते."

"पन तुमीच त लिवलं!"

"लिवतो मी, खरं पंजाबराव करतात. ते येऊन शाई फिरवतीन तवरिक तो तेल्हाऱ्यातच हाये."

"तेल्हारेवाले त नाई म्हनून राहिले."

"त्यायची वही नक्कल हाये, देवमन."

मित्रांनो, मी पान उघडे टाकून पडले होते. मला तोंड असते तर! पण तोंड असलेले तिथे दोघे होते, आणि त्यांतल्या चपराशाचे कोण ऐकणार?

देवमनने अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला, मंजूर करून घेतला आणि सायकल काढली. बार्शीटाकळी दहा-बारा मैल. तीनच्या सुमारास तो तिथे पोचला.

"जयभीम, श्रावणदादा. तुई माय बलावून राहिली. अमरावतीले."

"कवा निरोप आला?"

"सकायपासून फिरून राहिला. तुले सोडून समद्यायले भेटला."

दिवस मावळला तेव्हा श्रावणची एसटी अर्ध्या वाटेवर, मूर्तिजापुरात होती. चतुराबाईचे डोळे दाराकडेच राहिले, असे भागीरथेने नंतर सांगितले.

आठ दिवसांनी श्रावण आमच्या ऑफिसात आला. तो ओरडेल म्हणून खुशालराव खुर्चीतून उठले होते. तो ओरडला नाही.

"माहं नाव दाखवा," एवढेच म्हणाला.

देवमनने मला त्याच्यापुढे धरले. श्रावणने ग्रीसने काळा झालेला आंगठा ओळीवरून हळूहळू फिरवला. पेन्सिलीपाशी थांबला.

"हाये त," तो म्हणाला. "लिवलेलं त होतं."

अक्षरे आंगठ्याखाली फिसकटली. तो गेला, तो नोकरीसुद्धा सोडून गेला.

पंजाबराव आले. त्या काळ्या डागावर त्यांनी वळणदार अक्षरात शाईने 'बार्शीटाकळी' लिहिले. तेव्हापासून कंपनीच्या हिशेबी श्रावण तिथे पक्का आहे. माणूस कुठे गेला, ते कोणत्याच वहीत नाही.

आता मी कपाटावर पडून असते. लाल कव्हर उंदरांनी नेले. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, वह्या जपा, त्यांना जरूर कव्हरे घाला. पण कोणी दारात येऊन आपल्या माणसाचा ठावठिकाणा विचारला, तर पानावर असेल तेवढे सगळे वाचून दाखवा. अक्षर पुसट असेल, तर वही खिडकीपाशी न्या.